घरी सोडलेलं बाळ आणि त्याला सांभाळणारे हात

मागच्या व्याख्यानात आपण स्वातंत्र्य या कल्पनेबद्दल बोललो होतो. आज त्याच्या उलट टोकाचा विषय घेतला आहे, तो म्हणजे परावलंबन. तोही पुस्तकातला नव्हे, घरातला. नाजूक तब्येतीचं बाळ दवाखान्यातून घरी येतं, तेव्हा त्या घरात नेमकं काय घडतं आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची असते, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे एक शब्दप्रयोग रोज कानावर पडतो. "बाळ काचेत ठेवलंय." काही दिवसांनी दुसरा येतो. "बाळाला घरी सोडलं." हे दुसरं वाक्य ऐकलं की शेजारीपाजारी म्हणतात, "चला, सुटलं एकदाचं!" आमचं म्हणणं असं की हे वाक्य जरा तपासून घ्यायला हवं. सुटलं कोण? दवाखान्यात त्या बाळाकडे आळीपाळीने परिचारिका बघत होत्या, डॉक्टर फेरी मारत होते, श्वास मोजायला यंत्र होतं, उजेड होता, वीज गेली तर जनरेटर होता. घरी सोडलं म्हणजे काम संपलं असं नाही. काम तेवढंच उरतं, फक्त करणारे हात कमी होतात. बहुतेक वेळा ते दोनच उरतात, आणि तेही नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे.

नाजूक म्हणजे काय?

आधी शब्द नीट समजून घेऊ. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं. ही दोन्ही एकच नव्हेत. पूर्ण दिवसांचं बाळही हलकं असू शकतं. शिवाय हृदयाला छिद्र असलेली, जन्मतः श्वास कोंडलेली, फिट्स येणारी, नळीने दूध घेणारी किंवा फुप्फुसं कच्ची राहिल्यामुळे काही महिने ऑक्सिजनवर असणारी बाळंही असतात. प्रत्येकाची गरज निराळी. पण चार गोष्टी सगळ्यांना लागतात: ऊब, दूध, जंतूंपासून बचाव, आणि बिघाड लवकर ओळखणारी नजर.

आता एक हिशेब मांडू. समजा, १,६०० ग्रॅमचं एक बाळ डिंभ्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीत घरी आलं आहे. त्याला अंगावर नीट ओढता येत नाही. म्हणून आईने दूध काढायचं, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थेंब थेंब पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, भांडी उकळून ठेवायची. एका वेळेला ४० मिनिटं धरा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला १२ वेळा. झाले आठ तास. उबेसाठी बाळ छातीशी धरायचं, ते दिवसाला निदान आठ तास. झाले सोळा. दुपटी धुणं, वाळवणं, औषधं यांचा एखादा तास. सतरा. उरलेल्या सात तासांत त्या बाईने जेवायचं, अंघोळ करायची आणि झोपायचं. झोपही कशी? दोन पाजण्यांच्या मध्ये फार तर एक तास वीस मिनिटं. रोज, निदान काही आठवडे.

हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. "आई आहे ना, करेल की," हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आईच्या मायेबद्दल शंका नाही. पण माया कितीही असली तरी दिवसाचे तास चोवीसच राहतात. एका माणसाला हे काम जमणं शक्य नाही, हे साध्या बेरजेने सिद्ध होतं. तेव्हा ती थकली, चिडली, रडली, तर तो तिच्या स्वभावाचा दोष नाही, वाटणीचा दोष आहे.

छातीची ऊब

उबेचं बघू. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे ते पटकन गार पडतं. गार पडलं की ऊब टिकवण्यात त्याची शक्ती खर्च होते आणि वजन वाढत नाही. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत. तिथले डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, उभं बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. तेव्हा ती गरिबाची सोय वाटत होती. पुढे तपासणी झाली. हरियाणात ८,००० हून जास्त कमी वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ही पद्धत शिकवून सुरू करून दिली, तिथे पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. लक्षात घ्या, तो अभ्यास दवाखान्यातला नव्हता, घरातला होता.

आमच्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी की छाती आईचीच हवी असं मुळीच नाही. बापाची चालते, आजीची चालते, आत्याची चालते. बाळाला लंगोट, टोपी, मोजे एवढंच ठेवायचं, छातीशी उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून जुन्या मऊ लुगड्याने किंवा साडीने बांधायचं. आपल्याकडे झोळी बांधणाऱ्या हातांना ही गाठ शिकवावी लागत नाही. बापाने असं दोन तास घेतलं तर बाईला दोन तास झोप मिळते. आपल्याकडचे काही पुरुष म्हणतात, "आम्हाला काय जमतंय!" ५० किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेणाऱ्याला दीड किलोचं बाळ छातीवर जमत नाही, हे आम्हाला पटत नाही.

मुक्याची भाषा

आळे गावात रेड्याची समाधी आहे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, तो रेडा. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यात एक विचार राहतो. ज्याला आपण मुका समजतो, त्याच्यात बोलणारं काहीतरी असतं, ऐकणारा हवा.

नाजूक बाळ रडून सांगत नाही. खरं तर ते रडेनासं होतं, हेच त्याचं सांगणं असतं. त्याची भाषा शरीराची आहे आणि ती शिकता येते. दूध ओढणारं बाळ ओढेनासं झालं. हात-पाय टाकणारं बाळ मलूल पडलं. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजले तर श्वास ६० च्या वर भरले. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय चाचपले तर दोन्ही गार लागतात. उलट अंग तापलं, ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर गेलं. तळहात-तळपाय पिवळे झाले. फिट आली. ओठ निळसर झाले. यातलं एक जरी दिसलं तरी "सकाळी बघू" म्हणायचं नाही. बाळ छातीशी बांधायचं आणि निघायचं.

ही भाषा फार शिकलेल्यांनाच कळते असं नाही, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांमध्ये १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळ घरी जाऊन तपासायला शिकवलं: वजन, तापमान, श्वास, दूध, जंतुसंसर्गाची लक्षणं आणि उपचारही. तिथला नवजात बालमृत्युदर हजारी ६२ च्या आसपास होता, तो तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर घेतला. आज दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. या सहा भेटींचे तिला २५० रुपये ठरवले गेले. भागाकार आपण करा. आपण काळजी या कामाची किंमत किती करतो, ते त्यात दिसतं.

आपला मुलूख

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. पूर्वेला नारायणगाव, मंचर, आळेफाटा: रस्ता आहे, दवाखाने आहेत. पश्चिमेला घाटमाथा: आहुपे, भीमाशंकरचा परिसर, नाणेघाटाकडची गावं. महादेव कोळी, ठाकर ही तिथली माणसं. भाताची आवणी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करणं, मग पूर्वेच्या पट्ट्यात टोमॅटो-कांद्याच्या कामाला येणं. अशा घरात आई, सासू आणि जाऊ तिघींचीही मजुरी मोडते तेव्हा त्या दिवसाची चूल मोडते. "घरी बसून बाळ सांभाळा" हा सल्ला द्यायला सोपा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आवणीला वाकलेल्या बाईला कुठली रजा?

दुसरं, अंतर. मंचरहून पुणं साधारण ६० किलोमीटर, जुन्नरहून ९० च्या वर. घाटमाथ्यावरून त्याच्याही अलीकडचा रस्ता जोडा. रात्री उसाच्या कडेने जाताना बिबट्याची धास्ती, पावसाळ्यात दरड, डोंगराआड फोनची रेंज नाही. म्हणून आमचं सांगणं असं की निघण्याची तयारी बाळ बरं असतानाच करून ठेवावी. कागदांची पिशवी: डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, लसीचं कार्ड. गाडी कोणाची, रात्री कोणाचं दार वाजवायचं, रेंज कुठल्या वळणावर मिळते. १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आजारी नवजात बाळाची सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. पुढे ती वर्षभरापर्यंतच्या बाळांसाठी वाढवली गेली. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

तिसरं, वीज. बाळ घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर हा जिवाचा प्रश्न होतो. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट वीज खातं. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी धरली तर ते तीन-साडेतीन तास चालेल, जास्त नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाते, हे आम्ही सांगायला नको. उलट, साधारण १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने ५० तास पुरतो. तेव्हा मशीनबरोबर भरलेला सिलिंडर घरात असलाच पाहिजे. वेग किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवतील. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन आहे तिथे चूल, देवघरातला दिवा, उदबत्ती, विडी यांतलं काहीही नको. देव दुसऱ्या खोलीत हलवला तर देवाचं काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र अंतर आणि खर्चाच्या नादात हमखास राहून जाते, ती म्हणजे डोळ्यांची तपासणी. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. फारच लहान बाळाची त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांत. अशा बाळांत डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. म्हणून घरचे म्हणतात, "बघतंय की चांगलं, कशाला एवढ्या लांब जायचं?" वेळेत कळलं तर उपचार आहे. वेळ गेली तर कायमचा अंधार. आमच्या सगळ्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

काळजी घेणाऱ्याची काळजी

आता थोडं तत्त्वज्ञान, कारण आमचा मूळ धंदा तो. पाश्चात्त्य नीतिविचाराने बराच काळ एक माणूस गृहीत धरला: स्वतंत्र, स्वतःचे निर्णय घेणारा, दुसऱ्याशी बरोबरीने करार करणारा. त्यात बाळ, आजारी, म्हातारे हे अपवाद ठरले. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ एव्हा किटे यांची मुलगी जन्मापासून गंभीर अपंगत्व असलेली. त्यांनी १९९९ मध्ये 'लव्ह्ज लेबर' या पुस्तकात हा विचार उलटा करून दाखवला. परावलंबन हा अपवाद नाही, प्रत्येक आयुष्याचा भाग आहे. आणि जो दुसऱ्याला पूर्ण वेळ सांभाळतो, तो त्या काळात स्वतःला सांभाळू शकत नाही. म्हणून त्याला सांभाळणारं तिसरं कोणी हवं, आणि त्याची तजवीज करणं हे समाजाचं कर्तव्य आहे. यासाठी त्यांनी 'दूला' या शब्दावरून एक संज्ञा घडवली. दूला म्हणजे बाळाला नव्हे, तर बाळंतिणीला सांभाळणारी बाई.

आपल्याला हे ऐकताना काय आठवतं? माहेर! पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सव्वा महिना मुलीला पाण्यात हात घालू द्यायचा नाही, तिला डिंकाचे-अळिवाचे लाडू करून घालायचे, यामागे नेमका हाच विचार आहे. बाळाला आई बघेल, आईला तिची आई बघेल. मात्र आपण या विचाराला दोन कुंपणं घातली. एक, मुदत सव्वा महिन्याची, पहिल्या बाळापुरती. नाजूक बाळाला सहा महिने, कधी दोन वर्षं लागतात. दुसरं, सांभाळणारी फक्त बाईच. आमचं म्हणणं, ही दोन्ही कुंपणं काढा. नाजूक बाळ असलेल्या घराला पूर्ण गावाने माहेर व्हावं.

म्हणजे काय करायचं? मोठं काही नाही. शेजारणीने आठवड्यातून दोनदा भाकरी-कालवण पोचवावं. बाळाला हात लावू नये, पण दारातून धुणं घेऊन जावं. कोणी पाणी भरावं. भावकीतल्या एकाने गाडीची जबाबदारी घ्यावी. मजुरीच्या टोळीने त्या घराचे काही खाडे वाटून घ्यावेत; आवणीला एकमेकांच्या वावरात जाण्याची रीत आपल्याकडे आहेच. ग्रामपंचायतीने वीज कंपनीला अर्ज द्यावा की या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, वीज जाणार असेल तर आधी कळवा. आणि सर्वात स्वस्त मदत: "मूल असं कसं झालं?" हा प्रश्न त्या बाईला कोणी विचारू नये.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते, असं आपण मानतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पूजा जरूर करावी. पण सिलिंडर भरून न आणणं, तपासणी चुकवणं, बाईला एकटं टाकणं ही सटवाईची अक्षरं नव्हेत. ती आपली आहेत, म्हणून ती पुसून दुसरी लिहिता येतात.

प्रश्नोत्तरे

*एक आजी:* आमच्या येळंला बाळगुटी, धुरी, तेल-मालिश सगळं होतं. पोरं जगलीच ना? आता सूनबाई म्हणती काहीच करू नका.

आजी, तुमचं सगळंच सोडायचं नाही. खोली उबदार ठेवायची, परक्याला सव्वा महिना आत येऊ द्यायचं नाही, बाळंतिणीला चांगलं खाऊ घालायचं, हे डॉक्टरही सांगतात. पण या बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत, त्याला धुरी सोसत नाही. शेगडीचाही धूर नको. गुटी उगाळताना सहाणेवरचे जंतू पोटात जातात, म्हणून सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. तेल-मालिशीचं डॉक्टरांना विचारा, वजन थोडं भरू द्या. आणि तुमचे हात रिकामे ठेवू नका. बाळ तुमच्या छातीशी बांधून घ्या. सूनबाईला दोन तास झोपू द्या.

*एक तरुण श्रोता:* सर, शेजारच्या पोरांशी तुलना होते. आठ महिन्यांचं झालं तरी बसत नाही म्हणतात.

दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते दोन महिने वजा करा. तुमचं आठ महिन्यांचं बाळ वाढीच्या हिशेबाने सहा महिन्यांचं आहे. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, तिथे वजाबाकी नाही. आणि वजाबाकी करूनही वाढ मागे वाटली तर डॉक्टरांना लवकर दाखवा. व्यायामाचा उपयोग लहानपणीच जास्त होतो.

*एक महिला:* इतकं सगळं करूनही बाळ राहिलं नाही तर? केलेलं वाया गेलं असंच म्हणायचं ना?

बाई, हा आजचा सर्वात अवघड प्रश्न. काही बाळं राहत नाहीत. सगळं नीट करूनही राहत नाहीत, मोठ्या रुग्णालयातही राहत नाहीत. आपण एखाद्या कामाची किंमत त्याच्या फळावरून करतो; शेतीत, बाजारात ते ठीक आहे. काळजी हे त्या जातीचं काम नाही. तहानलेल्याला पाणी दिलं आणि तो पुढे काही दिवसांनी गेला, म्हणून ते पाणी वाया गेलं असं आपण म्हणत नाही. त्या बाळाला जेवढे दिवस मिळाले, त्या दिवसांत ते उबेत होतं, पोटभर होतं, कोणाच्या तरी छातीशी होतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर तेच त्याचं पूर्ण आयुष्य, आणि ते चांगलं गेलं. मागे राहिलेल्या आईला "तू कुठे कमी पडलीस" असं विचारणारं तोंड मात्र गावाने गप्प करायला हवं. तिला त्या वेळी पुन्हा सव्वा महिन्याच्या माहेराची गरज असते, आणि नेमकं तेव्हाच आपण तिला कामाला पाठवतो.

वेळ झाली. पुढच्या व्याख्यानात वृद्धांच्या परावलंबनाकडे वळू. प्रश्न आजचाच, टोक दुसरं.